रक्ताचा निकाल लावणारे तुम्ही कोण?

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात वकिली करताना घटस्फोटाच्या अर्जात एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचावे लागते, ‘मुलीच्या घराण्यात वेड आहे, ते लपवून लग्न लावले.’ कागदपत्रे चाळली तर निघते काय? मामाला कधीकाळी नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. मुलगी ठणठणीत. पण तिचा निकाल तिच्या जन्माआधीच लागलेला! असे अर्ज करणारे सगळेच सनातनी घरचे नसतात, हे दुःखाने लिहावे लागते. आपण पत्रिका पाहणे सोडले, रक्त पाहणे सोडले नाही.

म्हणून आज एका मनोविकारतज्ज्ञाची कारकीर्द सांगतो. अर्न्स्ट रूडिन, जन्म 1874, स्वित्झर्लंड. म्युनिकमध्ये एमिल क्रेपेलिन या नामवंत मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली तो काम करू लागला. मनोविकार आनुवंशिक आहेत हे त्याला सिद्ध करायचे होते. 1922 ते 1925 या काळात त्याने आज ज्याला बायपोलर म्हणतात त्या आजारावर, म्हणजे कधी अतिउत्साहाचा झटका तर कधी खोल निराशा आणणाऱ्या विकारावर, मोठे संशोधन केले. रुग्णांच्या नातेवाइकांची माहिती गोळा केली, आकडे मांडले. आकड्यांनी त्याच्या सिद्धांताला साथ दिली नाही. आजार सरळ, ठरावीक प्रमाणात पुढच्या पिढीत उतरताना दिसेना.

प्रामाणिक संशोधकाने काय केले असते? सिद्धांत सोडला असता. रूडिनने आकडे सोडले. ते संशोधन त्याने छापलेच नाही. 1933 साली हिटलरच्या राजवटीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या कायद्याच्या यादीत हाच आजार होता आणि त्या कायद्यावरचे अधिकृत भाष्य लिहिणाऱ्यांत रूडिन होता! 1945 पर्यंत सुमारे 4 लाख माणसांची नसबंदी झाली. पुढे तर मनोरुग्णांना विषारी वायूने मारण्यात आले. रूडिन मात्र युद्धानंतर थोड्या काळाच्या कैदेवर सुटला आणि 1952 साली अंथरुणात मेला. त्याने दडवलेले ते संशोधन अभ्यासकांनी जगापुढे मांडले ते थेट 2015 साली.

ही गोष्ट परदेशातली म्हणून सोडून देता येत नाही. त्या कायद्यानंतर तीनच वर्षांनी, 1936 साली, बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या न झालेल्या भाषणात वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला होता. त्या काळी भलेभले शास्त्रज्ञ वंशशुद्धीचे गोडवे गात होते. बाबासाहेबांनी मात्र पुरावा मागितला. जन्मावरून माणसाची लायकी ठरवणारे शास्त्र आधी निकाल लावते आणि मग साक्षीदार शोधते. मनुस्मृतीची पद्धत तीच, रूडिनची तीच.

मग आनुवंशिकता खोटी आहे काय? नाही. विज्ञानाला घाबरण्याचे आपल्याला कारण नाही. बायपोलर आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून दिसले आहे. पण तो वाटा कसा आहे ते समजून घ्या. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक संशोधनात दीड लाखाहून अधिक रुग्णांची तपासणी होती. त्यात या आजाराशी संबंधित 298 ठिकाणे जनुकांच्या नकाशावर सापडली, आणि एकेका ठिकाणाचा परिणाम अगदी किरकोळ. आई किंवा वडिलांना हा आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण पाच ते दहा. म्हणजे नव्वद मुले त्यातून मोकळी! मामाच्या गोळ्यांवरून भाचीला नाकारणाऱ्याला हे गणित कोण सांगणार?

कायदाही तेच सांगतो. विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे कारण आहे, पण तो जोडीदाराचा स्वतःचा आणि इतका गंभीर हवा की सोबत राहणे अपेक्षिताच येऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने 1988 सालीच हे स्पष्ट केले. घराण्याचे रक्त हे कारण कुठल्याही कलमात नाही.

कलंकाचा शेवट पाहायचा असेल तर नगरजवळ शिंगव्याला जा. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या ‘माउली’ संस्थेत रस्त्यावर टाकून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रिया राहतात. त्या आजाराने रस्त्यावर आल्या नाहीत. आपल्याच माणसांनी आणून सोडल्या.

म्हणून दोन कामे. पहिले घरचे. सोयरीक जुळवताना ‘घराण्यात वेड आहे का’ हा प्रश्न बंद करा. आजारी माणसाला देवऋषीकडे नव्हे, डॉक्टरकडे न्या. 14416 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. दुसरे काम रस्त्यावरचे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 ने उपचार हा हक्क केला आहे. किमान सेवा जिल्ह्यात नसेल तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी झालेला खर्च सरकारने सोसायचा आहे. पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोड कामगाराने येरवड्याच्या मनोरुग्णालयाची वाट का धरावी? निवेदने द्या, माहिती अधिकारात विचारा, गरज पडली तर कोर्टात या. वकीलपत्र मी घेईन.

जन्माने माणूस अस्पृश्य ठरत नाही, हे आपण जगाला सांगितले. जन्माने तो वेडाही ठरत नाही, हे आधी आपल्या घरात सांगू या.

जयभीम!