बारा व्होल्टला हसू नका

आमच्या शेजारचा मुलगा टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी कर्जावर घेतलेली. वर्सोवा ते विमानतळ अशा फेऱ्या मारून घर चालते. मध्यंतरी त्याने ऑपेरा हाऊसच्या बाजारातून जुना ॲम्प्लिफायर आणला आणि रविवारी मित्राला घेऊन स्वतःच बसवला. संध्याकाळी यारी रोडवर प्लास्टिक जळल्याचा वास आला. बोनेट उघडले तर लाल वायर वितळून पत्र्याला चिकटलेली! बॅटरीची तार लगेच काढली म्हणून गाडी वाचली. मला म्हणतो, "काका, बाराच व्होल्ट तर आहेत, त्याने काय होणार?"

बंधुभगिनींनो, चूक होते ती इथेच. १२ व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, पण आग लागते. मी कारकून माणूस, हिशेबानेच सांगतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. घरची १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरही ओढत नाही. गाडीतला ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतो. त्यात काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणजे पूर्ण आवाजात ४० अँपिअर धरा. घरच्या दिव्या-पंख्याची वायर तिथे कशी टिकेल? एवढ्या कामाला ८ गेजची, निव्वळ तांब्याची वायर घ्यावी.

आता फ्यूज. "ॲम्प्लिफायरला फ्यूज आहेच की," असे पोरे म्हणतात. तो ॲम्प्लिफायरला सांभाळतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या चार-पाच मीटर वायरला कोण सांभाळणार? ती पत्र्याला घासून उघडी पडली की बॅटरीतून शेकडो अँपिअर धावतात. आमच्या पोराचे हेच झाले. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ४० अँपिअरचा फ्यूज हवाच. तो उडाला तर कारण शोधा. तांब्याची तार किंवा चांदी गुंडाळू नका.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडा. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबराचे कडे बसवा. अर्थची वायर तेवढीच जाड, पण आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. डेकची बारीक रिमोट वायर जोडा, म्हणजे डेक बंद होताच ॲम्प्लिफायरही बंद होईल. आवाजाच्या तारा गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर इंजिनची घरघर स्पीकरमध्ये ऐकू येते. चार ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले तर भार दोन ओहमचा होतो. तेवढा सोसतो का, हे ॲम्प्लिफायरवर वाचून घ्या. आपल्या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत टोके गंजतात, ती अधूनमधून साफ करून आवळा.

आणखी एक. गाडीत नंतर बसवलेल्या विजेच्या वस्तूंची नोंद विम्यात वेगळी करावी लागते. कागद आत्ताच बघा.

पोरांना आवाजाची हौस असतेच, रागावून ती जात नाही. आईवडिलांनी एवढेच विचारावे, "बॅटरीजवळ फ्यूज लावलास का?" गाडीच्या एका हप्त्यापुढे त्या फ्यूजची किंमत काहीच नाही, आणि जळालेल्या गाडीचे हप्ते मात्र चुकत नाहीत.