तारीख आणि इतिहास

वृत्तपत्रातील ‘दिनविशेष’ हे सदर मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे आहे. शाळेच्या फळ्यावर सुविचाराशेजारी तेच लिहिले जाते, आणि अलीकडे ‘आजच्या दिवशी इतिहासात काय घडले?’ ही रोजची प्रश्नमंजुषा भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचली आहे. चार पर्याय, त्यांतले एक अचूक उत्तर आणि त्यास एक गुण! या छंदाला नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्याला सनावळीच ठाऊक नाही, त्याच्याशी इतिहासाची चर्चा तरी कशी करावी? परंतु तारीख सांगता आली म्हणजे इतिहास कळला, अशी जी समजूत या खेळातून मूळ धरीत आहे, तिचा विचार करणे अगत्याचे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ ही एकच तारीख घ्या. त्या दिवशी मध्य प्रदेश राज्य स्थापन झाले, हे उत्तर कोणत्याही प्रश्नमंजुषेत अचूक ठरेल. आता तेच उत्तर बालाघाटास नेऊन पाहा. हे बालाघाट म्हणजे मराठवाड्यातील डोंगररांग नव्हे. गोंदियाच्या उत्तरेस, वैनगंगेच्या काठी असलेले मध्य प्रदेशातील जिल्ह्याचे ठिकाण. इंग्रजी अमदानीत हा जिल्हा नागपूर विभागात मोडत असे. १९५० साली ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ यास मध्य प्रदेश हे नाव मिळाले, तेव्हाही राजधानी नागपूरच राहिली. म्हणजे १ नोव्हेंबरला ते नाव जन्मले नाही. पालटला तो त्या नावाखालचा मुलूख. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. त्यांत शेजारचा भंडारा गेला, बालाघाट मागे राहिले. एका रात्रीत त्याची राजधानी भोपाळ आणि उच्च न्यायालय जबलपूर झाले. वैनगंगा मात्र पूर्वीसारखीच बालाघाटाहून भंडाऱ्याकडे वाहत राहिली. तेथील मराठी कुटुंबाने या दिवसाला स्थापना म्हणावे की ताटातूट? हा प्रश्न चार पर्यायांत बसत नाही.

आमच्या शेजारच्या बेळगाव-कारवारला तीच तारीख आणखी निराळी दिसते. मुंबई राज्यातील हे प्रदेश त्या दिवशी म्हैसूर राज्यास जोडले गेले. बेळगाव जिल्ह्याचा चंदगड तालुका तेवढा वगळला गेला. आज कर्नाटक तो दिवस राज्योत्सव म्हणून साजरा करते, तर सीमाभागातील मराठी माणूस काळा दिन म्हणून पाळतो. गोव्यात त्या दिवशी पोर्तुगीज सत्ता ठाण मांडून बसलेली असल्याने पुनर्रचनेचा कायदा आमच्या सीमेवरच थांबला. घटना एक, तारीख एक. अर्थ मात्र गावागणिक वेगळा.

गोव्यालाही हा अनुभव नवा नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला, एवढे आमची मुले घडाघडा सांगतात. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली, हेही एखादा हुशार विद्यार्थी सांगेल. पण ही दोन्ही बाजूंची माणसे एकाच वाड्यावर राहणारी, एकाच देवळाच्या जत्रेला जमणारी होती. ३४,०२१ मतांच्या निकालानंतरही त्यांना एकत्रच नांदायचे होते. ती कशी नांदली, हा खरा इतिहास आहे. तो सांगू शकणारी पिढी दिवसेंदिवस विरळ होत चालली आहे, आणि पाठ केलेल्या आकड्यांनी तिची उणीव भरून निघणार नाही.

म्हणून शिक्षकांना आमची एवढीच सूचना आहे : प्रश्नमंजुषा खुशाल घ्या, पण ‘केव्हा’ यानंतर ‘कशामुळे’ आणि ‘कोणासाठी’ हे दोन प्रश्न जोडा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सत्याग्रहात सागरच्या सहोद्राबाई राय पोर्तुगीजांच्या गोळीबारात जखमी झाल्या. सागर तेव्हा बालाघाटाप्रमाणेच नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. इतक्या दूरची एक स्त्री आमच्या सीमेवर गोळ्या झेलायला का आली, याचे उत्तर मुलांनी घरी जाऊन आजी-आजोबांना विचारावे. त्या उत्तराला गुण मिळणार नाहीत. पण तारखेच्या मागे माणसे उभी असतात, हे त्यातूनच उमगेल.