कर्ता हरवलेले वाक्य

'सर्व्हर हॅक झाला', 'पैसे गेले', 'सेवा बंद पडली'. आंतरजालावरील दरोड्यांची वार्ता आपण अशाच भाषेत ऐकतो. आमची उमेदीची वर्षे व्याकरण शिकविण्यात गेली, म्हणूनही असेल. पण या वाक्यांतून खरा कर्ता नाहीसा झालेला आम्हांला खटकतो. वळीव कोसळावा तसा सर्व्हर 'हॅक होतो' आणि आपण हळहळून गप्प बसतो. आमचे भांडण या गप्प बसण्याशी आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण आठवा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबविले. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी त्यांनी आपली तोतया यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांवरील मागणी बँकेच्या मूळ खातेवहीपर्यंत पोहोचतच नव्हती. तोतयाच परस्पर 'द्या' म्हणत होता. २८ देशांतून रोकड निघाली, आमच्या कोल्हापुरातूनही लाखो रुपये निघाले. पुढे बँकेला एटीएम आणि नेट बँकिंग काही काळ बंद ठेवावे लागले. ज्यांचे खाते लुटले गेलेच नव्हते, त्यांचेही व्यवहार अडले.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून कारावास ठोठावला. पोलिसांच्या चिकाटीचे मोल आम्ही जाणतो. परंतु ही माणसे बनावट कार्डांनी रोकड काढणाऱ्या साखळीतली. तोतया उभा करणारे कोठे आहेत? संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९ च्या अहवालात या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. शेपूट तुरुंगात गेले, डोके मोकळेच राहिले.

'परक्या देशातला चोर सापडणार कसा? मग नाव घेऊन उपयोग काय?' असे शहाणपण आम्हांला नेहमी ऐकविले जाते. उपयोग आहे. अमेरिकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांवरील अशा हल्ल्यांबद्दल तीन उत्तर कोरियन हॅकरांवर नावानिशी आरोप ठेवले. ते हाती लागले नाहीत. पण २०१८ मधील एका भारतीय बँकेच्या एटीएम-लुटीसह अनेक लुटींचा पैसा फिरविणाऱ्या त्यांच्या एका साथीदाराला तिथे त्याच वर्षी ११ वर्षांहून अधिक कैद झाली. नाव घेतले की लुटीचा पैसा जिरविण्याच्या वाटा अरुंद होतात. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७५ वे कलमही भारतातील संगणकावर परदेशातून केलेल्या गुन्ह्याला लागू होते. कलम छापील राहण्यासाठी नसते.

दाराला कडी होती का, हेही प्रत्येक बँकेला विचारलेच पाहिजे. मात्र कडीची चर्चा चोराला झाकण्यासाठी नको.

आमचा जिल्हा सहकाराचा. दुधाचे बिल, उसाचे बिल बँकेत जमा होते. ते ज्या दिवशी निघत नाही, त्या दिवशी वैरण आणि औषध उधारीवर येते. तो खोळंबा कोणीतरी केलेला असतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: अशा प्रत्येक हल्ल्यानंतर पुरावा हाती येताच सरकारने सूत्रधाराचे नाव उघडपणे घ्यावे, त्याच्यावर खटला भरावा आणि तपास कुठवर आला हे ठेवीदारांना सांगावे.

वाक्य पूर्ण व्हायला कर्ता लागतो. न्यायालाही लागतो.