तीस जूनला खुर्ची रिकामी

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला रोटरीत काय मिळतं, हे मला गिऱ्हाइकं विचारतात, भाऊबंद विचारतात आणि वर्गणी भरायची वेळ आली की घरातूनही विचारणा होते. विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं: मोठ्या लोकांत ऊठबस, शाल-श्रीफळ, पेपरात फोटो आणि शेवटी जेवण. यातलं काही खोटं नाही. वह्या कमी आणि वाटणारे जास्त, असे फोटो आमच्याही क्लबाचे निघालेत. तरी कुणी तरुण धंदेवाला सल्ला मागायला आला तर मी सांगतो, हो सभासद.

फक्त धंदा वाढेल म्हणून येऊ नको. डॉक्टरांच्या बंगल्यातली बोअरची मोटार वर्षानुवर्षं जळत नाही. माझं पोट चालतं ते द्राक्षबागाईतदार आणि यंत्रमागवाल्यांवर, आणि त्यातले बहुतेक क्लबात नाहीत. बैठकीत व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरणाऱ्याच्या शेजारची खुर्ची पुढे पुढे रिकामी राहायला लागते, हे मी पाहिलंय.

गंमत अशी की ही संस्था जन्मली ती धंद्याच्याच पोटी. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी असे चौघे एका कचेरीत बसले. हॅरिस लहान गावात वाढलेला, आणि एवढ्या मोठ्या शहरात जिवाभावाचं माणूस नाही. एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा, असं ठरलं. सुरुवातीला तर कुणी कुणाला किती काम दिलं याची चक्क नोंद ठेवत. पुढे 1907 मध्ये याच मंडळींनी शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून खटपट सुरू केली. समाजसेवेचा श्रीगणेशा शौचालयापासून झाला, हे मला फार आवडतं. त्यात फोटोला फारसा वाव नाही.

एका धंद्याचा एकच, ही अट आता सैल झालीय, पण तिची चव अजून आहे. दुकानात दिवसभर माझं बोलणं मोटारवाल्यांशीच: तांब्याचा भाव, बेअरिंग, उन्हाळ्यात पडणारं व्होल्टेज. क्लबात एका बाजूला बालरोगतज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला सीए, समोर सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले, ज्यांचं निम्मं घर केरळात असतं. सीएनी मला फुकट सल्ला दिला नाही, आणि तो मागूही नये. पण उधारीकडे बघायची त्यांची नजर मी उचलली. तीन महिन्यांपुढची उधारी आता वेगळ्या पानावर असते आणि ते पान मी सोमवारी सकाळी आधी उघडतो. परमुलखात दुकान टाकायचं तर आधी तिथली भाषा, मग गाळा, हे गलाईवाल्यांचं बोलणं ऐकून माझा भाचा हुबळीला जाण्याआधी कन्नड शिकला.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती मात्र क्लबाची एक साधी रीत. अध्यक्ष एका वर्षाचा. 1 जुलैला कॉलर गळ्यात पडते, पुढच्या 30 जूनला मुदत संपते की ती दुसऱ्याच्या गळ्यात. जगभरच्या रोटरीचा अध्यक्षही एकाच वर्षाचा. आपल्या शेजारच्या वापीचे कल्याण बॅनर्जी 2011-12 मध्ये त्या पदावर होते. वर्ष सरलं, उतरले. आमच्या भागात हे नवलच म्हणायचं. पतसंस्था घ्या, दूध संघ घ्या, शिक्षणसंस्था घ्या, अगदी गल्लीतलं गणेश मंडळ घ्या. खुर्चीचे पाय झिजतात पण माणूस उठत नाही. उठलाच तर मुलाला बसवून उठतो.

दुकानातली पोरं माझं ऐकतात, कारण शनिवारी पगार मी देतो. क्लबात माझ्या पगारावर कुणीच नाही. अध्यक्ष असताना रक्तदान शिबिराला रविवारी सकाळी सात वाजता एका सर्जनना बोलवायचं होतं. तिथे हुकूम चालत नाही. फोन करायचा, आठवण द्यायची, आणि नाही आले तरी पुढच्या बैठकीत हसून चहा पुढे करायचा. आरडाओरडा न करता काम करून घेण्याचा हा सराव मला कुठल्या कोर्समध्ये मिळाला नसता. दुकानातल्या पोरांना माझ्यातला फरक माझ्या आधी कळला. आणि पुढच्याच वर्षी, माजी अध्यक्ष म्हणून, मी सतरंज्या उचलल्या. तेही शिक्षणच.

पोलिओच्या रविवारांचं सांगायला हवं. रोटरीनं जगभर पोलिओ हटवायचं काम 1985 पासून अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावडा जिल्ह्यात सापडला आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. खरं काम आरोग्य खात्याचं, अंगणवाडी सेविकांचं, आशाताईंचं. आमच्याकडे एसटी स्टँडवरच्या बूथवर टेबल मांडणं, रिक्षातून पुकारा करणं, सेविकांना नाश्ता पोचवणं. पण त्या पुकाऱ्यापायी मी माझ्याच गावातल्या अशा वस्त्यांत गेलो जिथे एरवी मला कुणी बोलावलं नसतं, कारण तिथे मोटारच नव्हती.

दोष आहेतच. बायकांना या संस्थेनं दारात उभं ठेवलं. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबानं 1977 मध्ये महिलांना घेतलं तर त्या क्लबालाच बाहेर काढलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1987 मध्ये निकाल रोटरीच्या विरोधात लागला आणि 1989 मध्ये जगभरचा नियम बदलला. सभासदांच्या बायकांना ‘अ‍ॅन’ म्हणायची जुनी सवय आमच्याकडे अजून पुरती गेलेली नाही. ती जावी.

दुसरी अडचण पैशाची. हॉटेलातलं जेवण वर्गणीत धरलं की यंत्रमागावरचा जॉबर, वायरमन, शाळेतला शिपाई आपोआप गाळले जातात, आणि मग आम्ही ‘समाज’ म्हणतो तो आमच्यासारख्यांचाच. माझी मागणी दरवर्षी तीच असते: बैठक शाळेच्या वर्गात घ्या, जेवण बंद, चहा चालू, वर्गणी निम्म्यावर आणा. दरवर्षी ती इतिवृत्तात नोंदवली जाते.

यंदा औषधाचं दुकान चालवणारी एक तरुण बाई अध्यक्ष झालीय. तिनं पहिल्याच बैठकीत जेवणाचा विषय मतदानाला घेतला. दोन मतांनी पडला. पुढच्या महिन्यात पुन्हा घेते म्हणाली, आणि तोवर दोन मतं फिरवायचं काम माझ्याकडे दिलंय. एक ते सर्जन आहेत.