गाळात गेलेली शहरे

ग्रीक-रोमन अवशेष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अथेन्स आणि रोम ही दोनच नावे येतात. परंतु हाताशी तीन-चारच दिवस असतील, तर तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्याकडे जावे असे मी म्हणेन. इफिसस, प्रिएनी, मिलेटस, डिडिमा ही स्थळे एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. मात्र तेथे काय पाहावे, याविषयी माझे मत प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेहून निराळे आहे.

ठरावीक कार्यक्रम असा: एक सकाळ इफिससला. सेल्ससच्या ग्रंथालयासमोर छायाचित्र. (ही दर्शनी भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० ते १९७८ या काळात पडलेले दगड जुळवून पुन्हा उभी केली, हे छायाचित्र काढणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असते कोण जाणे!) मग सुमारे पंचवीस हजार माणसे मावतील अशा नाट्यगृहात एक टाळी वाजवून पाहायची आणि जेवायला जायचे. दुसऱ्या दिवशी उरलेली तिन्ही स्थळे एका दमात. येथे वैभव होते आणि ते लयाला गेले, एवढेच प्रवाशाच्या मनावर ठसते. का गेले? तर शाळेपासून पाठ असलेले उत्तर तयारच असते: परकीय आक्रमण.

हे उत्तर अपुरे आहे. इराण्यांनी इ. स. पूर्व ४९४ मध्ये मिलेटस उद्ध्वस्त केले, हे खरे. थेलीस आणि अ‍ॅनॅक्झिमँडर यांचे हे गाव. पण पुढे तेच गाव चौकोनी आखणीच्या सरळ रस्त्यांनी नव्याने वसले आणि रोमन काळापर्यंत नांदले. शत्रूने पाडलेले शहर पुन्हा उभे राहिले. गाळाने बंदर बुजवले तेव्हा मात्र ते सावरले नाही. मिलेटसजवळची मिअँडर नदी इतकी नागमोडी, की भूगोलाच्या पुस्तकातील नदीच्या वळणाचे इंग्रजी नाव तिच्यावरूनच पडले. वरच्या डोंगरउतारांवर जंगलतोड, नांगरट, चराई वाढत गेली आणि नदीने ती माती शतकानुशतके खाली आणून टाकली.

लोक याबाबत अगदी आंधळे होते असेही नाही, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्ट्रेबो सांगतो की पर्गमॉनचा राजा दुसरा अ‍ॅटालस याने इफिससच्या बंदराचे तोंड बांध घालून अरुंद करविले. त्यामुळे पाणी खोल राहील, असा त्याचा व त्याच्या स्थापत्यविशारदांचा होरा. झाले उलटेच! गाळ बाहेर जाईना आणि सारे बंदर उथळ झाले. नीरोच्या काळात बारेआ सोरानस या सुभेदाराने बंदर मोकळे करण्याची खटपट केली. दुसऱ्या शतकातील एका शिलालेखात तर दुसऱ्या एका सुभेदाराचा हुकूमच आहे: धक्क्यावर लाकडाच्या राशी रचू नका, दगड कापू नका; ओझ्याने धक्का खचतो आणि दगडाचा भुगा पाण्यात पडून खोली कमी होते. हुकूम काढावा लागला, यावरूनच लोक काय करीत होते ते कळते. ग्रंथालयाच्या संगमरवराइतकाच हा लेखही मला बोलका वाटतो.

मिलेटसच्या शेजारी म्यूस नावाचे लहान शहर होते. त्याची खाडी नदीने कोंडली, तिचे डबके झाले आणि डास इतके माजले की नागरिक देवांच्या मूर्ती उचलून मिलेटसला राहायला गेले, असे पॉसेनियसने लिहिले आहे. पुढे मिलेटसच्याही वाट्याला तेच आले.

असे काही घडायला भूमध्य समुद्रच लागतो असे नाही. रोमन काळातील एका ग्रीक नाविक-पुस्तिकेत कल्याणबरोबर ज्याचे नाव येते, ते आपले सोपारा बंदरही खाडी गाळाने भरत जाऊनच मागे पडले. आज नालासोपाऱ्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला येथे बंदर होते असे सांगितले तर तो हसेल.

तेव्हा माझी सूचना अशी. डिडिमाचे अर्धवट राहिलेले प्रचंड देऊळ धावते पाहिले तरी चालेल. प्रिएनीला एक तास द्यावा. इफिससला नाट्यगृहाकडे पाठ करून बंदराकडे जाणाऱ्या फरसबंद रस्त्याकडे नीट पाहावे. तो आज दलदलीकडे जातो, समुद्र पुढे कित्येक किलोमीटर हटला आहे. आणि उरलेला सगळा वेळ मिलेटसला द्यावा. तेथील नाट्यगृहाच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसून पश्चिमेकडे तोंड करावे आणि वाटाड्याला विचारावे, की ४९४ साली ज्या लाडे बेटापाशी ग्रीक आणि इराणी आरमारांची लढाई झाली, ते बेट कोठे आहे? तो सपाट शेतांमधील एका टेकडीकडे बोट दाखवील.