आनंदनगरीतला हातचा

भेळ पंधरा रुपयांची, गिऱ्हाइकाच्या हाती पन्नासची नोट. तिसरीतली विक्रेती क्षणभर थांबते, बोटांवर मोजते आणि पस्तीस परत करते. फळ्यावर डोळे वटारणारी हातच्याची वजाबाकी तिथे गल्ल्यावर सुटते. महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्हा परिषद शाळांत भरणारी आनंदनगरी म्हणूनच निव्वळ खाऊगल्ली नाही.

नवरात्रातल्या भोंडल्याचंही तसंच. पाटावर हत्ती का, हे विचारणाऱ्या मुलाला हस्त नक्षत्र आणि परतीचा पाऊस एकदमच भेटतो. फेर संपला की झाकलेली खिरापत ओळखायची: गोड की तिखट, कोरडी की ओली? एकेक शक्यता गाळत उत्तरापर्यंत जाणं हा तर्काचाच धडा, आणि तो मुलांना कुणी समजावून सांगावा लागत नाही.

आषाढीच्या दिंडीत पहिलीतला विठोबा कमरेवर हात ठेवून उभा राहतो. गावही कौतुकानं थांबतं.

३ जानेवारीच्या जयंतीला मात्र अनेक ठिकाणी नऊवारी आणि कुंकवापाशीच सावित्रीबाई फुले संपतात. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा चालवताना त्यांनी अंगावर शेण झेललं, हे त्या छोट्या सावित्रीला कळलंच पाहिजे.

मुख्याध्यापकांना एक विनंती: पाहुण्यांची भाषणं थोडक्यात आवरा आणि सूत्रसंचालनाचा माइक चौथीच्या मुलांकडे द्या.