गरोदरपणात शारीरिक संबंध चालतात का? हा विषय डॉक्टरांनीच आधी काढायला हवा

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी केमिस्ट्रीच्या पेपरात वीजवाहक पॉलिमरवर हमखास प्रश्न यायचा. उत्तर अजून पाठ आहे. अ‍ॅनिलिन आणि ऑर्थो-टोल्युइडिन आम्लात मिसळायचं, भांडं बर्फात ठेवायचं, अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. दोन वेगळ्या रेणूंची एकच साखळी, म्हणजे कोपॉलिमर तयार. ते नुसत्या पॉलिअ‍ॅनिलिनपेक्षा सहज विरघळतं, पण त्यातून वीज कमी वाहते. प्लास्टिकमधूनही वीज वाहू शकते हे दाखवणाऱ्या हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांना २००० साली नोबेल मिळालं, हेही शेवटी लिहायचं. पूर्ण गुण.

गेल्या वर्षी बायकोला दिवस गेले, तेव्हा मात्र एका साध्या प्रश्नावर मी नापास झालो. या काळात जवळ यायचं की नाही?

दवाखान्यात तपासणीला बायकोसोबत आई आत जायची आणि मी बाहेर फाइल धरून बसायचो. सासूसमोर बायको काय विचारणार? गोळ्या, सोनोग्राफी, आहार, सगळं सांगितलं गेलं. हा विषय कुणी काढलाच नाही. रात्री मोबाइलवर शोधलं, तर एक व्हिडिओ म्हणे बिनधास्त, दुसरा म्हणे नऊ महिने लांब राहा. चौथ्या महिन्यात मी हट्टाने आत गेलो आणि विचारलं. उत्तर दोन मिनिटांत मिळालं. तीन महिने आम्ही ज्या भीतीत काढले, तिची किंमत दोन मिनिटं होती.

नेमकं उत्तर काय?

गरोदरपणात कोणतीही गुंतागुंत नसेल, तर शारीरिक संबंध सुरक्षित असतात. बाळ गर्भजलाच्या पिशवीत असतं. भोवती गर्भाशयाचा जाड स्नायू असतो आणि गर्भपिशवीचं तोंड घट्ट बंद असतं. त्यामुळे बाळाला धक्का लागत नाही. संबंधांनंतर पोट थोडा वेळ कडक वाटू शकतं, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पोट वाढल्यावर त्यावर दाब येणार नाही, उदाहरणार्थ कुशीवर, अशी स्थिती सोयीची.

कधी थांबायचं?

वार खाली असेल, अंगावरून रक्त जात असेल, पाणी गेलं असेल, गर्भपिशवीचं तोंड आखूड किंवा सैल असल्याचं सांगितलं असेल, किंवा दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय संबंध नकोत. संबंधांनंतर रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा पोटदुखी थांबेना, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणखी एक गोष्ट लाजेपोटी राहून जाते. लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार गरोदरपणातही होतात आणि बाळापर्यंत पोहोचू शकतात. सिफिलिसवर वेळेत उपचार झाले नाहीत, तर बाळ पोटातच दगावू शकतं. पण तो पेनिसिलिनने बरा होतो. एचआयव्ही असलेल्या आईने वेळेत औषधं सुरू केली, तर बाळाला लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. म्हणून या रक्ततपासण्या टाळू नका. शंका असेल तर नवऱ्यानेही तपासणी करावी आणि कंडोम वापरावा.

‘नको’ म्हणजे नको

सुरुवातीला मळमळ आणि थकवा, शेवटी जड झालेलं शरीर. यात इच्छा कमी होणं स्वाभाविक आहे. मधल्या महिन्यांत अनेकींची इच्छा वाढते, तेही तितकंच स्वाभाविक. डॉक्टरांनी ‘चालेल’ म्हटलं, म्हणजे नवऱ्याला परवाना मिळाला असं नाही. शेवटचा शब्द तिचाच. आणि जवळीक म्हणजे फक्त संभोग नव्हे. पाय चेपून देणं, शेजारी पडून गप्पा मारणं हीसुद्धा जवळीकच.

माझं म्हणणं एवढंच

डोहाळजेवणाला आपण पाळणा सजवतो, फोटो काढतो, स्टेटस ठेवतो. गरोदरपण आपण लपवत नाही. मग त्यातला हाच एक प्रश्न का लपवायचा? ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, हे खरं आहे. पण ‘तुमच्या बाबतीत संबंध चालतील’ किंवा ‘चालणार नाहीत, कारण वार खाली आहे’, एवढ्या एका वाक्याला किती वेळ लागतो? न विचारण्याचा तोटा दोन्हीकडून होतो. ज्यांनी थांबायला हवं ते थांबत नाहीत, आणि ज्यांना काहीच धोका नाही ते एकमेकांपासून तुटत जातात.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी पाच मिनिटं नवऱ्यालाही आत बोलवा. माता व बाल संरक्षण कार्डावर लोहाच्या गोळ्यांसोबत या सल्ल्याचीही एक ओळ असू द्या. आशाताई घरी आल्या, की त्यांनाही हे मोकळेपणी बोलता येईल असं प्रशिक्षण द्या.

आणि होणाऱ्या बाबांनो, पुढच्या तपासणीला बाहेरच्या बाकावर बसून राहू नका. आत जा. विचारा.